पाठीमागची

१

शुक्रवारची रजा टाकायची, पहाटे पाचला रेडमंड सोडायचं, घाट ओलांडला की पाऊस मागे राहायचा, आणि दुपार कलताना ऑरेगनच्या कोरड्या पठारावर चढायचं. शेवटच्या गावात गाडीत गॅस भरायचा, पाण्याचे कॅन भरायचे, मग बावीस मैल कच्चा रस्ता. सहा वर्षं ज्ञानदाचा हा नेम होता. मे-जूनमध्ये दोनदा, सप्टेंबरात एकदा. नवरा यतीन एकदाच बरोबर आला. नजर पोचेल तिथवर सेजब्रशची करडी झुडपं बघून म्हणाला, "अगं, इथे बघायचं काय?" परत काही तो आला नाही. ज्ञानदाला ते बरंच वाटलं.

तळं तिचं तिने शोधलं होतं. सॅटेलाइट नकाशावर नखाएवढा निळा ठिपका दिसला आणि ती त्याच्या मागे लागली. पाच हजार फुटांवर, काळ्या कड्याच्या कुशीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत फार तर पाचशे पावलं. फिशिंगच्या कुठल्याही साइटवर त्याचं नाव नव्हतं. कधीकाळी कोणीतरी त्यात ट्राउट मासे सोडले असावेत आणि विसरून गेलं असावं. ज्ञानदा त्याला 'वाटी' म्हणायची.

ज्ञानदाला आयुष्यात कुठलीच गोष्ट पटकन आली नाही. ड्रायव्हिंग टेस्ट तिसऱ्यांदा पास झाली, प्रमोशन नवव्या वर्षी मिळालं. मासे पकडणंही तसंच, वाटी सापडायच्या तीन वर्षं आधीपासूनचं. गाठी मारायला शिकण्यात एक अख्खा हिवाळा गेला. पहिला मासा लागला तो तेराव्या खेपेला. पण जे यायचं ते पक्कं यायचं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी तिला वाटायला लागलं होतं की निदान या एका जागी आपण कोणीतरी आहोत.

तीन वर्षांपूर्वी इला तिच्या टीममध्ये आली. नागपूरची, एकटी राहणारी, ज्ञानदापेक्षा अकरा वर्षांनी लहान, म्हणून पहिल्या दिवसापासून 'ताई'. आल्यावर चार महिन्यांतच तिची आई गेली. व्हिसाचा घोळ असा की निघताच येईना. त्या आठवड्यात ज्ञानदाने तिला घरी आणून ठेवलं, आणि मन रमावं म्हणून पुढे वाटीवर नेलं. एवढं एक चांगलं काम ज्ञानदाने केलं, आणि त्याचा तिला फार पश्चात्ताप झाला.

कारण इलाला मासे लागले. पहिल्याच दिवशी, पहिल्या वीस मिनिटांत, हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढा रेनबो ट्राउट. "ताई, हे असंच असतं का?" इला ओरडली. ज्ञानदा "वा गं वा!" म्हणाली, आणि तिच्या पोटात काहीतरी बारीकसं चावलं.

मग ते चावतच राहिलं. इला एक मासा घरी घेऊन आली की यतीन रवा लावून तळायचा आणि म्हणायचा, "हा खरा मासा! तू आणतेस ती पिल्लं असतात." तो गमतीत म्हणायचा. ज्ञानदा गमतीत हसायची.

२

वाटीवर फ्लोट ट्यूबमधून मासे धरावे लागतात. हवेने फुगवलेली, खुर्चीसारखी एकट्याची बोट. आत बसायचं, पाय पाण्यात सोडायचे, पायांत बदकासारखे फिन. पाय मारले की ट्यूब मागे सरकते. पुढे जाताच येत नाही. जिकडे जायचं तिकडे पाठ करायची आणि जिथून निघालो ते बघत राहायचं. फिन घालून जमिनीवरही उलटंच चालावं लागतं, नाहीतर माणूस तोंडावर पडतो. त्यामुळे चिखलातल्या खुणा वाचता येतात. टाचा पाण्याकडे असल्या तर माणूस आत गेलं, टाचा काठाकडे असल्या तर बाहेर आलं.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यात दोघी तिथे पोचल्या तेव्हा ज्ञानदाला उतरायच्या जागी फिनच्या खुणा दिसल्या.

तळ्याला उतरायला चिखलाचा तेवढा एकच पट्टा होता. बाकी चारी बाजूंनी खडक किंवा दाट लव्हाळी. खुणा ताज्या होत्या, कडांमध्ये पाणी साचलं होतं. टाचा पाण्याकडे. एकच जोडी. बाहेर आल्याच्या खुणा कुठेच नव्हत्या.

ज्ञानदाने तळ्यावर नजर फिरवली. एक पांढरा पेलिकन सोडला तर पाण्यावर कोणी नव्हतं. रस्त्याच्या टोकाला त्यांच्याखेरीज गाडी नव्हती.

"इला, तू मध्ये इथे येऊन गेलीस का गं?"

"मी? एकटी? बाप्पा, मला रस्ता तरी सापडला असता का!"

"कोणाला सांगितलंस?"

"नाही गं ताई. तू नको म्हणाली होतीस ना."

ज्ञानदाने मान डोलावली. विश्वास मात्र ठेवला नाही. ही कोणालातरी घेऊन आली असणार, माझ्या तळ्यावर, आणि आता साळसूदपणे बघतेय. बाहेर यायच्या खुणा नाहीत त्या पाण्याच्या लाटांनी पुसल्या असतील. मग आत जायच्या तेवढ्या का राहिल्या, हा प्रश्न तिच्या मनात आला. पण रागापुढे तो टिकला नाही.

त्या दिवशी ज्ञानदाला काहीच लागलं नाही. ती लव्हाळ्याच्या बाजूला होती. इला पाय मारत मारत पार समोरच्या कड्याखाली गेली. तिथे सावलीत ती बारीक दिसत होती, आणि दर थोड्या वेळाने तिची रॉड वाकत होती. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. इला बोलत होती. मध्येच थांबत होती, जसं आपण दुसऱ्याचं ऐकायला थांबतो, मग हसत होती.

चार वाजता इला काठाला आली. चार मासे लागून सोडलेले, पाचवा जाळीत. चेहरा फुललेला.

"थँक्स ताई," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल काय! तू सांगत होतीस तिथेच टाकत गेले म्हणून तर लागले."

"मी कधी सांगितलं?"

"आत्ता. मागून." इला फिनचे पट्टे सोडत होती, तिने वर पाहिलंही नाही. "पाठीमागेच तर होतीस तू माझ्या."

३

ज्ञानदाने खिचडी शिजत ठेवली. ऊन अजून कड्याच्या माथ्यावर होतं आणि स्टोव्हच्या ज्योतीला वारा सुखाने जळू देत नव्हता. ती मनातल्या मनात हिशोब जुळवत होती. कड्यावरून आवाज परत येतो. मी 'श्या' म्हणाले असेन, पुटपुटले असेन, ते तिला तिकडे ऐकू गेलं असेल. अशा जागी होतं असं.

"मागे वळून बघितलंस का मला?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ट्यूबचा पाठीचा टेकू केवढा उंच असतो. तुझी टोपी दिसली कडेने." इला थांबली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, आईबद्दल जे बोललीस ना, ते मला फार हवं होतं गं. कोणीच असं म्हणालं नव्हतं. की मी गेले नाही यात माझा दोष नव्हता. की आईला माझं कौतुक होतं. आणि तुलाही आहे."

इलाच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्ञानदाने हातातला डाव पातेल्यात फिरवत ठेवला.

तेव्हाच तिने सांगायला हवं होतं. 'इला, मी तिथे नव्हते. मी दीडशे पावलांवर होते, तुझ्याकडे बघत होते आणि तुला एक मासा कमी लागावा म्हणून देवाकडे मागत होते.' दुसरा भाग गाळून पहिला तरी सांगता आला असता. पण ती मुलगी तिच्याकडे अशा नजरेने बघत होती की तसं ज्ञानदाकडे कधी कोणी बघितलंच नव्हतं. न दिलेल्या गोष्टीचे आभार समोर वाढून आले होते. ते परत करवेनात.

"असू दे गं," ज्ञानदा म्हणाली. "खा गरम गरम."

मग तंबूत पडल्यावर तिला भीती वाटायला हवी होती. ती थोडी वाटलीही. पण तिच्याखाली दुसरंच काही ठसठसत होतं. माझ्या आवाजात, माझी टोपी घालून कोणीतरी माझ्यापेक्षा चांगलं वागत होतं. आणि ते इलाशी.

४

जूनमध्ये ज्ञानदा एकटी गेली. यतीनला म्हणाली, "इलाला काम आहे." इलाला म्हणाली, "या महिन्यात जमणार नाही."

चिखलाचा पट्टा कोरा होता. नुसते पक्ष्यांचे पाय. ती उलटी चालत पाण्यात उतरली आणि न थांबता कड्याकडे गेली. पाठीमागून गार सावली अंगावर आली तेव्हा तिने ट्यूब वळवून कडा नीट बघून घेतला. काळा, सलग खडक, सरळ पाण्यात उतरलेला. कुठे फट नाही, कपार नाही. तिने हाताने चाचपून पाहिलं. मग कड्याकडे पाठ केली आणि लाइन टाकली.

चार तास ती बसली. पाठ ताठ, कान मागे. एकदा कोणी श्वास घेतल्यासारखं वाटलं, तो लव्हाळ्यातला वारा होता. एकदा पाणी डचमळलं, तो तिचाच पाय.

"मी आलेय," शेवटी ती म्हणाली. आपण मोठ्याने बोललो याची तिला लाज वाटली. तरी पुन्हा म्हणाली, "कोण आहे? मलाही सांग ना कुठे टाकू."

कोणी काही सांगितलं नाही. दुपारी वीतभर लांबीचा एक मासा लागला. तिने तो इतक्या रागाने सोडवला की त्याचा ओठ फाटला.

परतीच्या वाटेवर तिने स्वतःला समजावलं: बघ, काही नाहीये तिथे. इलाच्या मनाचे खेळ. आईच्या दुःखाने माणसाला काहीही ऐकू येतं. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि तिला पटलंही. पण कोलंबिया नदीचा पूल ओलांडताना तिचे डोळे भरून आले. त्याचं कारण पुलापाशी नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तिथे जे काही होतं त्यानेही दोघींना पारखलं होतं, आणि निवड केली होती.

५

सप्टेंबरात इलाच मागे लागली. "ताई, चल ना. तू म्हणाली होतीस, पुढच्या वेळी थोडं आत जाऊ."

"कुठे आत?"

"कड्यात. तिथे म्हणे मोठे असतात." इला हसली. "तूच तर सांगितलंस. आता विसरल्यासारखं काय करतेस!"

त्या कड्यात आत काही नव्हतं. ज्ञानदाने हात लावून पाहिलं होतं. हे सांगायचं तर जूनमध्ये गेले होते, हेही सांगावं लागलं असतं. ती म्हणाली, "बघू."

शनिवारी सकाळी नऊला इला पाण्यात उतरली. ज्ञानदा काठावर बसून फिनचे पट्टे आवळत होती, सोडत होती, पुन्हा आवळत होती. वारा पडलेला. इला काठाकडे तोंड करून, पाय मारत, मागे मागे चालली होती. मध्येच तिने हात हलवला. तळ्याच्या मध्यावर पोचली तसं तिचं बोलणं सुरू झालं. आता मात्र ज्ञानदाला दुसरा आवाजही ऐकू आला. शब्द कळत नव्हते. चाल ओळखीची होती. ऑफिसच्या व्हॉइसमेलवर स्वतःचा आवाज ऐकला की वाटतो तसा, जरा बारीक, जरा परका.

जा, मनात कोणीतरी म्हणालं. बसून राहा, दुसरं म्हणालं. घेऊ दे तिला तिचे मोठे मासे.

किती वेळ ती बसून राहिली हे तिने पुढे कोणालाच सांगितलं नाही. पण ती उठली. पाण्यात उतरली आणि जिवाच्या आकांताने पाय मारायला लागली.

पाय मारले की ट्यूब मागेच जाते. तिची पाठ कड्याकडे होती, समोर रिकामा काठ लांब लांब जात होता, आणि ते दोन्ही आवाज मागून जवळ येत होते. आता शब्दही कळत होते.

"अजून थोडं, बाळा," तिचाच आवाज म्हणत होता. "पाय सैल सोड. मी आहे ना मागे." बाळा! ज्ञानदाने पोटच्या पोरालाही इतक्या मायेने हाक मारली नसती.

ती वळली.

इला बारा-चौदा पावलांवर होती. तोंड ज्ञानदाकडे, पाठ कड्याकडे. ज्ञानदाला समोर बघून तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले.

"ताई?" ती म्हणाली. "तू... तू पुढे कशी?"

इलाच्या टेकूच्या वर, मागे, एक तपकिरी टोपी दिसत होती. दोरी लावलेली, कड उसवलेली. ज्ञानदाने हात वर नेऊन चाचपलं. तिची टोपी तिच्या डोक्यावर होती. टोपीखाली खांदे होते, खांद्यांखाली पाठ. जे कोणी होतं ते कड्याकडे तोंड करून बसलं होतं आणि पाठीने इलाकडे सरकत होतं, तिच्या पाठीला पाठ लावायला. त्याच्याभोवती पाणी हलत नव्हतं. आणि त्याच्याही पलीकडे, खडकाच्या तळाशी, एक काळी आडवी पट्टी उघडी होती. सप्टेंबरात पाणी खाली जातं, ज्ञानदाच्या डोक्यात आलं, म्हणून दिसत असेल. अशा वेळीही डोकं कारणं शोधत राहतं.

"इकडे ये," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला कळलं. इलाला इकडे यायचं तर इकडे पाठ करावी लागणार. म्हणजे तिकडे तोंड.

"नाही! वळू नको! अजिबात वळू नको, इला. माझ्याकडे बघ."

ज्ञानदाने रॉड उचलली. मासे धरायच्या नऊ वर्षांत तिने इतकी नीट लाइन कधी टाकली नव्हती. पिवळी दोरी हवेत उलगडली आणि अलगद इलाच्या मांडीवर पडली.

"धर. हाताला गुंडाळ."

इलाने गुंडाळली. ज्ञानदाने पाय मारायला सुरुवात केली. ती मागे, दोरी ताणलेली, दोरीच्या टोकाला इला. आणि इलाच्या मागे ती टोपी. तेवढ्याच अंतरावर. पाठीने येत राहिलेली.

मग तो आवाज बोलला. घाई नव्हती, राग नव्हता. समजूत घातल्यासारखा.

"ती तुझ्यावर जळते, इला. पहिल्या माशापासून."

इलाने दोरीवरून नजर उचलली.

"तुला एक मासा कमी लागावा म्हणून ती देवाकडे मागते. आत्तासुद्धा ती काठावर बसून राहिली होती. विचार तिला, किती वेळ."

"ताई," इलाने विचारलं, "खरं आहे का हे?"

ती कोणाला विचारते आहे, हे क्षणभर ज्ञानदाला कळलं नाही. खोटं बोलणं सोपं होतं. पण तोच आवाज खरं बोलून मोकळा झाला होता, त्याच आवाजात आता खोटं बोलायचं कसं?

"हो," ती म्हणाली. "खरं आहे सगळं. पण दोरी सोडू नको. पाया पडते तुझ्या, दोरी सोडू नको."

इला तिच्याकडे बघत राहिली. दोरी हातात होती. तिने ती सोडली नाही, पण आणखी घट्टही धरली नाही. ज्ञानदा पाय मारत राहिली. मांड्या भरून आल्या, श्वास पुरेना. शेवटी टाचांना चिखल लागला तेव्हा तिने इलाच्या दंडाला धरून तिला बाहेर ओढलं आणि दोघी उलट्या पावलांनी काठावर कोसळल्या.

तळ्यावर कोणी नव्हतं.

परतीचे साडेआठ तास इला मागच्या सीटवर बसून आली.

६

हिवाळाभर इला ऑफिसात 'गुड मॉर्निंग' म्हणायची आणि पुढे जायची. ताई म्हणणं बंद झालं होतं. ज्ञानदाने दोनदा डबा नेऊन दिला. दोन्ही वेळा तो धुऊन परत आला, आत चिठ्ठी नाही, काही नाही. यतीनने विचारलं, "तुमचं काही बिनसलं का?" ती म्हणाली, "कामात असते ती."

या मे महिन्यातल्या एका गुरुवारी पार्किंगमध्ये इलाच्या गाडीच्या मागच्या सीटवर ज्ञानदाला फुगवायची ट्यूब दिसली. ती गाडीपाशी थांबून राहिली. इला आली. बारीक झाली होती, पण छान दिसत होती. कोणाकडे तरी जायला निघालेलं माणूस दिसतं तशी.

"तू तिथे जाणार नाहीस," ज्ञानदा म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? इला, ते काय आहे माहीत आहे का तुला?"

"नाही. पण तू काय आहेस तेही मला तीन वर्षं माहीत नव्हतंच की." इलाच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "तू मला ओढून आणलंस, ते मी विसरले नाही. तू नसतीस तर मी कुठे असते, कोण जाणे. पण एक सांगू? ती पाठीमागची मला एकदाही तोडून बोलली नाही. माझा मासा बघून तिचं तोंड कधी उतरलं नाही. तुझं उतरायचं. मला दिसायचं ते, मी दुर्लक्ष करायचे."

ज्ञानदाला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "मग मी येते तुझ्याबरोबर."

"नको," इला म्हणाली. "आम्ही दोघी पुरे."

गाडी गेली. शुक्रवारी ज्ञानदाने दोन मीटिंगा केल्या. शनिवारी तिने गाडीची किल्ली हातात घेतली आणि परत हुकाला लावली. यतीनला सांगितलं असतं तर तो लगेच निघाला असता. शेरीफला फोन करता आला असता. न जाण्याची तिने बरीच कारणं काढली. लांब आहे, मोठी बाई आहे ती, मला नको म्हणाली. शेवटचं तेवढं खरं कारण होतं. तिला बोलावलं नव्हतं.

७

सोमवारी इला कामावर आली नाही. मंगळवारी ऑफिसने चौकशी केली. ज्ञानदाने जागा सांगितली. सहा वर्षं इला सोडून कोणाला न सांगितलेली जागा तिने फोनवर मैलांसकट सांगून टाकली. गुरुवारी तिला आणि यतीनला तिथल्या काउंटीच्या गावी बोलावून घेतलं.

शेरीफच्या पोलिसांतली डेप्युटी म्हणजे पन्नाशीची, उन्हाने रापलेली शांत बाई होती. तिने कॉफी दिली. गाडी सापडली होती, तंबू सापडला होता, आत स्लीपिंग बॅग नीट गुंडाळून ठेवलेली. भांडी घासलेली. पाणबुडे दोन दिवस तळ धुंडाळत होते. सगळ्यात खोल जागी पंधरा फूट पाणी, तेही काचेसारखं स्वच्छ. ट्यूब नाही, रॉड नाही, इला नाही. कड्यात कपार आहे का, ज्ञानदाने विचारलं. "सलग खडक आहे," डेप्युटी म्हणाली.

"तिच्याबरोबर आणखी कोण होतं, तुम्हाला माहीत आहे का?"

"एकटीच गेली होती," यतीन म्हणाला.

"तेच विचारायचं होतं." डेप्युटीने टेबलावरून एक मोठा प्रिंट पुढे सरकवला. "तिचा फोन तंबूत सापडला, उशीखाली. कोरडा. त्यातला हा शेवटचा फोटो. रविवारी सकाळी, दहा वाजून वीस मिनिटांनी."

फोटो तळ्याच्या मधोमध काढलेला होता. इला ट्यूबमध्ये बसली होती आणि दोन्ही हातांनी तिने एक मासा उचलून धरला होता. एवढा मोठा रेनबो ज्ञानदाने त्या तळ्यात पाहिला नव्हता, त्या तळ्यात मावेल असंही वाटत नव्हतं. दोन्ही हात माशाला लागलेले. फोटो समोरून काढलेला, पाण्याच्या पातळीवरून, फार तर एका हाताच्या अंतरावरून.

"ती ज्या कोणाकडे बघते आहे," डेप्युटी म्हणाली, "ती व्यक्ती आम्हाला हवी आहे. कोण असेल?"

यतीनने मान हलवली. "काय खुशीत दिसते आहे गं," तो हळूच म्हणाला आणि त्याचा आवाज भरून आला.

ज्ञानदाने फोटो उचलून जवळ धरला. इला हसत होती. मासा बाजूलाच राहिला होता, ती फोन धरणाऱ्याकडे बघत होती, पूर्ण उघड्या चेहऱ्याने, काही राखून न ठेवता, लहान मूल शाळेच्या दारातून आपल्या माणसाकडे बघतं तशी.

"मॅम? ओळखता का कोणाला?"

"नाही," ज्ञानदा म्हणाली.

तिला रडायला यायला हवं होतं. शेजारी यतीन रडत होता. तिने फोटो टेबलावर पालथा ठेवला, परत सुलटा केला आणि इलाच्या डोळ्यांकडे बघत बसली. आपल्याकडे ही कधी अशी बघून हसली होती का, ते ती आठवत होती. एकदाही आठवेना.